रजईची घडी

आता स्वतःची अब्रू स्वतःच काढायची, तर निदान चहा तरी गरम असू द्या!

आमच्या खोडदला त्या अवाढव्य रेडिओ दुर्बिणी बघायला लोक येतात, म्हणून आम्ही शेतात पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या. पण मंदाला, म्हणजे आमच्या मंडळींना, धाकधूक. "आवो, शेरातली मान्सं आपल्याकडं ऱ्हातील व्हय?"

लेक पुण्यात हॉटेलात नोकरीला. ती म्हणाली, "आप्पा, दोन बड्या कंपन्यांच्या हॉटेलांत एकेक मुक्काम करा. पाहुणचार शिकाल."

पहिल्या हॉटेलात दारात फेटेवाला, कपाळाला कुंकू, पावलोपावली नमस्कार. दिवाळसणाच्या जावयाचा थाट! स्वतःची पिशवी उचलू देतील तर शपथ.

दुसऱ्याची तऱ्हाच निराळी. सगळं गुपचूप. माणूस दिसत नाही, पण चहा बरोबर हजर. मी म्हटलं, "मंदे, हा तर एसी लावलेला आश्रम!"

तिथंच आम्ही माती खाल्ली.

मला सांगा, दुसऱ्याच्या घरी पसारा टाकून उठतो का आपण? सकाळी मंदानं रजयांच्या घड्या घातल्या. मी कप विसळले, बाथरूम पुसली, पिशव्या कपाटात सारल्या. नाष्ट्याला जाताना चावी काउंटरवर दिली. गावात नाही का आपण शेजाऱ्याकडं ठेवत, तशी.

परत येतो तर आमच्या दारात टॉवेल गुंडाळलेले एक साहेब! आम्ही गेलो असं समजून हॉटेलनं खोली त्यांना दिलेली.

"आवो, माझी पैठणी कपाटात हाय!" मंदा ओरडली.

साहेबांनी माझा पांढरा सदरा बघितला नि म्हणाले, "अजून एक टॉवेल आणा."

आणि मी आणला हो!

मॅनेजर धावत आला, माफी मागितली, मोठी खोली दिली. वर म्हणाला, "काकू, इतकी लख्ख खोली आमची माणसंसुद्धा ठेवत नाहीत."

मंदा अशी फुलली म्हणून सांगू! "मंग आपल्याला जमंल की वो!"

आणि जमलं, राव! गेल्या आठवड्यात पहिले पाहुणे आले, नवरा-बायको. मंदाच्या हातची पिठलं-भाकरी मागून मागून खाल्ली.

सकाळी बघतो तर खोली झाडलेली, गोधड्यांच्या घड्या, चावी आमच्या ओट्यावर. म्हटलं, गेले बिचारे न सांगता. मला वाईटही वाटलं. पहाटेपासून राबून दमलो होतो, तिथंच त्यांच्या खाटेवर जरा आडवा झालो.

डोळे उघडले तर दोघं समोर उभे! शिवार फिरून आलेले.

मी धडपडत उठायला लागलो, तशी बाई म्हणाल्या, "झोपा हो काका. चहा आणू का?"