टिकारामच्या अंगणातल्या चुली

टिकाराम माझ्या हाताखालून शिकून गेलेला विद्यार्थी आणि तुमसरात माझा शेजारी. वर्गात त्याला 'खिडकी लाव' म्हटले की तो खिडकी लावायचा आणि तिच्यापाशीच उभा राहायचा, कारण परत जागेवर बस असे मी सांगितलेले नसायचे. या पोराचे पुढे काय होणार, ही काळजी त्याची आई सुशीलाबाई माझ्याजवळ अनेकदा बोलून दाखवी. मग गावात कॉम्प्युटर आला आणि काळजी मिटली. सांगितले तेवढेच करणारे दोघे एका खोलीत आले.

ही १९८९ची गोष्ट. बाजारातल्या एका बियाणे सोसायटीने कॉम्प्युटर घेतला आणि टिकारामला नागपूरला पाठवून त्याचे शिक्षण दिले. मशीनच्या खोलीत कूलर होता. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. पडद्याच्या काचेवर हळदकुंकवाचे बोट होते, ते पुसायची हिंमत मॅनेजर हिरालाललाही झाली नव्हती. बाया आत आल्या की आधी मशीनला हात जोडत, मग टिकारामकडे वळत.

मशीन काय करते हे टिकारामने मला पुष्कळदा समजावले. मला ते शेवटी सत्यनारायणावरून समजले. भटजींचा संकल्प पाठ असतो, फक्त मधल्या जागा रिकाम्या असतात: यजमानाचे नाव, गोत्र, गाव. घर बदलले की तेवढ्या जागा बदलतात. टिकारामनेही एस.क्यू.एल. नावाच्या भाषेत असेच पाठ तयार करून मशीनमध्ये साठवून ठेवले होते. पाठाला तो प्रोसीजर म्हणे आणि रिकाम्या जागांना पॅरामीटर. जागा भरल्या की मशीन त्यातून एक ताजे वाक्य जुळवी आणि लगेच तसे करून मोकळे होई. वाक्य शहाणपणाचे आहे की नाही, हे ते वाचून पाहत नसे.

आता, गोत्र ठाऊक नसलेल्या यजमानाला भटजी 'काश्यप' म्हणायला लावतात. मशीनलाही अशी सोय असते. जागा रिकामी राहिली तर काय धरायचे ते आधी सांगून ठेवता येते. बायांच्या नोंदीचा पाठ तपासून पाहताना टिकारामने, तोही सोसायटीचा सभासदच, नवऱ्याच्या नावाच्या जागी स्वतःचेच नाव धरायला सांगितले होते. तपासणी झाल्यावर ते काढायचे होते. पण काढ असे त्याला कोणी म्हटले नाही.

त्या वर्षी सोसायटीने सभासदांच्या घरी बिनधुराच्या चुली वाटायचे ठरवले. नोंद करायची बाईने. मग मशीन तिच्या नवऱ्याचे नाव सभासदांच्या यादीत शोधणार, त्याचे घर कुठे ते काढणार आणि चूल त्या घरी पाठवायला सांगणार. पहिल्या दिवशी खिडकीपाशी रंभाबाई आली. ही धिप्पाड, बोलकी बाई.

"नाव?" टिकारामने विचारले.

"रंभाबाई."

"घरवाल्याचं?"

रंभाबाई कूलरकडे पाहू लागली.

"आमच्या घरचे," ती म्हणाली.

"हो, पण त्यायचं नाव?"

"थे बाजारात बैल पाहून राहिले. त्यायलेच विचार ना बाबू. मले कायले विचारतं?"

नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, हा आमच्याकडचा रिवाज. रांगेतल्या कुठल्याही बाईने तो मोडला नसता. टिकारामचे कान लाल झाले. परक्या बाईला पुन्हा विचारायचे त्याला जमले नाही. नाव नंतर विचारून घेऊ म्हणून त्याने जागा रिकामी ठेवली आणि बटण दाबले. मशीन थांबले नाही. त्याला वाटले, मशीनही समजूतदार आहे. मग मागच्या कुंताबाईचेही तसेच केले, तिच्या मागच्या गिरजाबाईचेही, आणि साऱ्या रांगेचे.

त्या दिवसांत टिकारामचे लक्ष तसेही थाऱ्यावर नव्हते. कोंढ्याच्या देवाजींची मुलगी चंद्रकला त्याला दाखवली होती. मध्यस्थ मीच होतो. पोहे देताना तिने विचारले होते, "मशीन चुकते का जी?" आणि हा म्हणाला होता, "मशीन नाही चुकत, सांगणारा चुकते." त्यावर ती हसली होती. एवढे एकच संभाषण, पण ते त्याने मला तीनदा सांगितले, आणि दर वेळी तिचे हसू थोडे लांबत गेले. साखरपुड्याची तारीख तेवढी ठरायची होती. ती ठरवायला देवाजी स्वतः तुमसरला आले.

देवाजी म्हणजे मोजके बोलणारा, बोलणे झाले की मिशीवरून हात फिरवणारा शेतकरी. सुशीलाबाईने त्यांना पाणी दिले. त्यांनी पेला हातात घेतला आणि दारात ट्रक येऊन उभा राहिला.

"टिकारामचं घर हेच का जी?" ट्रकवाल्या गुलाबने विचारले. हो म्हटल्यावर त्याने खिशातून कागद काढला आणि मोठ्याने वाचू लागला. "रंभाबाई टिकाराम, एक चूल. कुंताबाई टिकाराम, एक चूल. गिरजाबाई टिकाराम, एक चूल."

वाचणे चालूच राहिले आणि चुली उतरतच राहिल्या. तुळशीच्या भोवती झाल्या, विहिरीच्या काठाला झाल्या, मग गुलाब त्या एकीवर एक रचू लागला. देवाजींचा पेला हातातच होता.

"बाप्पा, आमच्या घरी मी एकटी रांधतो," सुशीलाबाई ट्रकवाल्याला म्हणाली.

"मले काय माहीत माय. कागदावर सुना आहेत तुह्या."

देवाजींनी पेला खाली ठेवला. "टिकारामजी," ते म्हणाले, "माह्या पोरीचा नंबर कितवा?"

टिकारामने खरोखर विचार केला. ते पाहून मीच मध्ये पडलो, मशीनची चूक असेल म्हणालो.

"मशीन चुकत नाही म्हणे," देवाजी म्हणाले. "पोरीनं घरी येऊन सांगितलं मले." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "बुधवारी मी परत येतो. तवापर्यंत हा संसार आवरा. नाही आवरला त कोंढ्याची बस धरू नका."

ट्रक गेला तसे गावात नाव झाले. संध्याकाळच्या आत रंभाबाईचा नवरा मंगरू बैल घेऊन आमच्या गल्लीत हजर.

"माही बायको तुह्या घरची आहे म्हणते कागदावर," तो टिकारामला म्हणाला.

"चूक झाली, मंगरूभाऊ."

"चूक त चूक. बायको राहू दे कागदावर, चूल दे."

चुली एकेक करून आपापल्या घरी गेल्या. पण अजून अर्ध्या गावाची नोंद बाकी होती, आणि पाठात टिकाराम तसाच बसलेला होता. हिरालालने त्याला समोर उभे केले.

"तुले आता एकच सांगतो. बाई जे बोलन थेच लिहायचं. आपल्या मनचं एक अक्षर नाही."

टिकारामने पाठातून स्वतःचे नाव काढले. आता नवऱ्याची जागा रिकामी राहिली की मशीन अडून बसे आणि नाव मागे. बायाही अडून बसल्या. तेव्हा कुंताबाईने मार्ग काढला. उखाण्यात घेतलेले नाव चालते, सासूपुढेही चालते, मग मशीनपुढे का नाही? तिनेच रंभाबाईला पुढे ढकलले. चूल मिळाली तरी कागदावर तिचा नवरा बदलायचा राहिलाच होता. रंभाबाईने पदर सारखा केला.

"धानाच्या बांधीत बगळ्यांची रांग, मंगरूरावांच्या नावानं भरते मी भांग."

खिडकीबाहेर टाळ्या पडल्या. टिकारामने, हुकूम होता त्याप्रमाणे, सगळेच्या सगळे लिहिले. पण नावासाठी त्याने मशीनमध्ये जागा ठेवली होती पंधरा-वीस अक्षरांची, तीही काना-मात्रा वेगळे मोजून. जास्तीचे मशीनने मुकाट्याने कापून टाकले, आणि उखाण्यात नाव तर नेहमी शेवटाकडेच येते. थोड्या वेळाने हिरालालच्या हातात कागद आला. त्यावर रंभाबाईच्या नवऱ्याचे नाव होते, 'धानाच्या बांधीत ब'. या नावाचा सभासद सोसायटीत नाही, असेही मशीनने खाली कळवले होते.

टिकारामने जागा मोठी केली. मग अख्खा उखाणा आत मावला, आणि अख्ख्या उखाण्याच्या नावाचाही सभासद सोसायटीत निघाला नाही.

"अरे, त्यातलं मंगरू तेवढं घे ना," हिरालाल म्हणाला.

"तुम्हीच म्हणाले, बाई बोलन थे लिही."

"आता मी म्हणतो, मंगरू लिही."

एवढ्याने सुटले असते. पण तोवर बातमी बाजारभर झाली होती. खिडकीपाशी उखाणे ऐकायला माणसे जमू लागली. एकीने दोन ओळींत नाव घेतले तर दुसरी चार ओळी घेऊन येई. पानवाला दुकान बंद करून आला. गिरजाबाईने तर नाव यायच्या आधी अख्ख्या मंडईच्या जत्रेचे वर्णन केले, पाळण्यापासून जिलेबीपर्यंत, आणि शेवटी नाव घ्यायचेच विसरली. हिरालालने सोसायटीत उखाण्यांना बंदी केली.

बुधवार उजाडला. देवाजी आधी सोसायटीतच येणार म्हणून सुशीलाबाईने मला सकाळीच तिथे नेऊन बसवले. "मास्तर, तुमी मोठे आहा. देवाजी आले का दोन शब्द बोला," ती म्हणाली. टिकाराम मशीनपुढे बसला होता. त्याने एक नवीन गोष्ट केली होती. वाक्य जुळव, पण त्याप्रमाणे करू नको, आधी मला दाखव, असे त्याने मशीनला सांगून ठेवले होते.

"आधीच असं करता आलं असतं काय रे?" मी विचारले.

"हो जी."

"मग केलं काहून नाही?"

"अंगणात चुली नव्हत्या जी तवा."

देवाजी आले. चपला काढल्या, मशीनला हात जोडले आणि स्टुलावर बसले. त्यांच्या मागे दाराशी चंद्रकलाही उभी होती. तिला बांगड्या घ्यायच्या होत्या असे देवाजी म्हणाले. सोसायटीत बांगड्या मिळत नाहीत, हे कोणी बोलले नाही.

खिडकीपाशी रंभाबाई आणि कुंताबाई आल्या होत्या; उखाण्यांच्या गोंधळात कागदावर दोघींचे नवरे दुरुस्त व्हायचे राहिलेच होते. उखाणे बंद झाल्यावर त्यांनी दुसरी तोड काढली होती.

"मी हिच्या घरच्याचं नाव सांगतो, थे माह्या घरच्याचं सांगन," रंभाबाई म्हणाली. "दुसरीच्या नवऱ्याचं नाव घ्याले कोणाचा बाप अडवते? लिही बाबू. धनीराम."

"मंगरू," कुंताबाई म्हणाली.

टिकारामने भरले. बोलणारी रंभाबाई, बोललेले नाव धनीराम. मशीनने वाक्य जुळवले आणि थांबले. टिकारामने ते मोठ्याने वाचले. "रंभाबाईची चूल धनीरामच्या घरी."

"माही चूल हिच्या घरी काहून?" रंभाबाई म्हणाली.

"चूलच नाही, तूही चालली," कुंताबाई म्हणाली. "ये बाई. भांडे घासाले मले कोणी पाहिजेच होतं."

देवाजींच्या मिशा हलल्या. टिकारामने मान खाली घालून नावांची अदलाबदल केली, पुन्हा वाक्य जुळवले, पुन्हा वाचले. या वेळी कागदावर प्रत्येक चूल ज्याच्या त्याच्या घरी गेली. मगच त्याने बटण दाबले.

मी दोन शब्द बोलायला घसा साफ केला. देवाजींनी हाताने थांबवले.

"मास्तर, मले मशीनच सांगू द्या. टिकारामजी, माह्या पोरीचं नाव टाका. तिले घरवाला नाही. जागा रिकामी सोडा. पाहू कोणाचं नाव घेते थे."

टिकारामने चंद्रकला लिहिले. दोनदा खोडावे लागले. नवऱ्याची जागा त्याने रिकामी सोडली आणि बटण दाबले. आम्ही सगळे काचेकडे वाकलो. मशीनने काहीही जुळवले नाही. नाव मागून ते नुसते थांबले.

"आता नाही टाकत आपल्या मनचं," देवाजी म्हणाले आणि मागे टेकले. स्टुलाला पाठ नव्हती, म्हणून परत पुढे आले. "बरं झालं. सुधारली."

"सुधारली, पण अडून बसली ना जी," रंभाबाई खिडकीतून म्हणाली. "नाव मागून राहिली."

टिकारामने मान वर केली नाही. त्याला विचार असे कोणी सांगितले नव्हते, पण या वेळी त्याने आपल्या मनाने विचारले. "घरवाल्याचं नाव?"

"टिकाराम," चंद्रकला म्हणाली. हजेरीला उत्तर द्यावे तसे, स्पष्ट. "आडनाव बी सांगू का?"

खिडकीपाशी दोघींनी तोंडाला पदर लावले.

"घे माय, घे," कुंताबाई म्हणाली. "आताच पोटभर घेऊन घे. लग्न झालं का बंद."

देवाजी मुलीकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले.

टिकारामने नाव भरले. मशीनने वाक्य जुळवले आणि थांबले. त्याला ते वाचायला बराच वेळ लागला, वाक्य लहान असूनही. "चंद्रकलाची चूल टिकारामच्या घरी."

"असं कसं?" हिरालाल मागून म्हणाला. "लग्न झालेल्या बाईलेच चूल मिळते. नियम आहे."

"चूल मंग द्या जी, लग्न झाल्यावर," देवाजी म्हणाले. "आता नुसतं लिहून ठेवा."

टिकारामचे बोट बटणावर होते. त्याने देवाजींकडे पाहिले.

"चालवू का जी?"

देवाजींनी मिशीवरून हात फिरवला.

"चालव," ते म्हणाले.