त्या दिवशी हॉटेल उघडं होतं

सोलापुरात कुठं काय चांगलं मिळतं हे विचारायला गिरणीच्या कचेरीतले लोक माझ्याकडे येत. लग्नाआधी चार वर्षं मी खोली घेऊन एकटा राहिलो आणि दोन्ही वेळा बाहेर जेवलो, त्यामुळे शहरातली एकूण एक खाणावळ मला पाठ होती. कुणाचे सासरे यायचे असले की ते विचारत, "काय हो, सोवळ्याचं कुठं बरं?" कुणाला बायकोला घेऊन जायचं असलं की पडद्याची सोय कुठं आहे ते मी सांगायचो. आमटी कुठली पातळ, तूप कुठलं खवट, कुठला मालक गिऱ्हाइकावर खेकसतो, सगळं मला ठाऊक. एकोणीसशे तीस साल उजाडायला एकदोन वर्षं असतील तेव्हाची ही गोष्ट. त्या काळी बऱ्या घरातली माणसं हॉटेलात शिरताना आधी इकडंतिकडं बघून घेत. मी मात्र ताठ मानेनं शिरायचो.

ही ऐट मी पत्रांतून गावीही पाठवत असे. आमचं गाव वळसंगच्या बाजूचं. वडिलांची शेती होती आणि जोडीला थोडा भुसाराचा व्यापार. घरात कानडी, दारात मराठी, असं आमचं चालायचं. वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो, आईला अव्वा. अव्वाला वाचता येत नसे. अप्पा शेतातून आले की ती त्यांच्याकडून माझं पत्र दोनदा वाचून घ्यायची. मी लिहायचो की इथं एक नवीन हॉटेल निघालं आहे, टेबलं संगमरवरी आहेत, भिंतीला माणसाएवढे आरसे आहेत, बायकांसाठी लाल पडद्याची वेगळी जागा आहे. तुम्ही आलात की अव्वाला तिथं खुर्चीवर बसवून जेवू घालीन.

अव्वानं ते मनावर घेतलं. माझं लग्न झालं, दिवाळीनंतर बायको शहरात नांदायला आली, आणि संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेसाठी, म्हणजे गड्ड्यासाठी, अप्पा-अव्वा आमच्या खोलीवर उतरले. पायावर पाणी घेता घेताच अव्वानं विचारलं, "मग, कवा जायचं त्या खुर्चीवर?"

इथं एक गोष्ट सांगायला हवी. मी कानडी बोलतो हे कचेरीत कुणाला माहीत नव्हतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एकदा माझ्या तोंडून गावाकडचं "लई झालं" असं निघून गेलं होतं आणि सगळे कारकून हसले होते. हेडक्लार्क पुढं आठवडाभर मला "या, लईराव" अशी हाक मारत. तेव्हापासून मी जीभ घासूनपुसून लख्ख केली होती. त्या संगमरवरी हॉटेलात संध्याकाळी हेच लोक बसत. आणि अव्वा मोठ्यानं बोलायची, तेही निम्मं कानडीत. अप्पांच्या खांद्यावर घोंगडी, कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, पायात करकर वाजणाऱ्या वहाणा. आरशांच्या त्या खोलीत हे दोघं शिरताहेत आणि हेडक्लार्क मान वर करून बघताहेत, असं माझ्या डोळ्यांपुढं आलं.

"ते आज बंद आहे, अव्वा," मी म्हणालो.

"का बंद? यात्रेच्या दिवसात?" अप्पांनी विचारलं.

"मालकाची आई वारली."

हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून आपोआप गेलं. अव्वानं लगेच हातातला तांब्या खाली ठेवला. "अय्यो पाप! लई म्हातारी हुती का?" मी मान हलवली. त्या बाईबद्दल अव्वा बराच वेळ हळहळत होती.

दुपारी मी सगळ्यांना मंगळवार पेठेतल्या एका बोळात नेलं. तिथं आमच्याच लिंगायत समाजातल्या एका विधवा बाईंची खाणावळ होती. पाटावर बसून कडक भाकरी, शेंगाची चटणी, डाळ, वर सायीचं दही. जेवण फार चांगलं होतं, आणि कचेरीतलं कुणी त्या बोळात फिरकत नसे. अव्वाचं त्या बाईंशी कानडीत गूळपीठ जमलं. अप्पा म्हणाले, "घरच्यासारखं हाय बघ."

अव्वा हसून म्हणाली, "घरच्यासारखं खायाला घर हाय की आपलं."

तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं. तरी मी मान वर केली नाही.

चार वाजता अव्वाच म्हणाली, "आमी देवाला जातो. तुमी दोघं जावा की कुटं फिरायला. नवी पोर आल्यापासनं खोलीतच हाय." बायकोनं खाली बघितलं, पण तिला आनंद झालेला दिसत होता. मीही तिला हॉटेलात नेण्याचं वचन दिलेलं होतंच. सिद्धेश्वराचं देऊळ, तळं, यात्रेतली दुकानं, पाळणे, हे सगळं बघून यायला म्हाताऱ्यांना दिवेलागणीच्या पुढं जाणार असा मी हिशेब केला. कोट घातला, टोपी नीट केली आणि तिला घेऊन निघालो.

हॉटेलाच्या पायरीवर बायको थबकली. आत दिवसाच बत्त्या लागल्या होत्या, कपबशा वाजत होत्या.

"हे बंद हाय म्हणालात की?"

"उघडलेलं दिसतंय."

"मग मामांना, आत्यांना घेऊन येऊ की. देवळात गावतील."

"त्यांना पुन्हा कधीतरी आणू. आज आपण दोघंच."

"दोघंच" म्हटल्यावर ती लाजली आणि पुढं काही बोलली नाही. ती बोलू नये म्हणूनच मी तो शब्द वापरला होता.

लाल पडद्याआड आम्ही समोरासमोर बसलो. पुऱ्या, बटाट्याची भाजी, शिरा आणि मागून कॉफी सांगितली. पडदा पूर्ण ओढायचा असे, पण मी तो अर्धा उघडा ठेवला. पलीकडच्या टेबलावर हेडक्लार्क दोन पाहुण्यांना घेऊन बसले होते. बायकोला हॉटेलात आणण्याइतका मी सुधारलेला आहे हे त्यांनी बघावं असं मला वाटत होतं. त्यांनी बघितलं आणि मान डोलावली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पुरीचा दुसरा घास घेतला असेल, तोच दारात वहाणा करकरल्या.

अप्पा एकटेच होते. अव्वाचे पाय दुखायला लागले म्हणून तिला कोपऱ्यावर बांगडीवाल्याच्या दुकानात बसवून ते आले होते, हे मला मागून कळलं. त्यांनी वहाणा बाहेर काढल्या, आत येऊन गल्ल्यावरच्या मालकापुढं उभे राहिले आणि हात जोडले.

"तुमच्या आईचं कळलं. लई वाईट झालं."

मालक चमकला. "कुणाच्या आईचं?"

"तुमच्या. वारल्या म्हणं."

"काय बोलता, बाबा! माझी आई घरात ठणठणीत आहे."

आजूबाजूची दोनचार माणसं हसली. अप्पा गोंधळून इकडं बघायला लागले, आरशांकडं, टेबलांकडं, आणि मग अर्ध्या पडद्यातून त्यांची नजर थेट माझ्यावर आली. माझ्या हातात पुरी होती. आम्ही एकमेकांकडे किती वेळ बघत होतो कोण जाणे. एक घोट पाणी प्यायला लागतो तेवढाच वेळ असेल.

मग त्यांनी नजर काढून घेतली. मालकाला म्हणाले, "मग माझंच चुकलं. दुसरं दुकान आसंल. रागावू नका." आणि वळून पायऱ्या उतरले. वहाणा त्यांनी घातल्या नाहीत, हातातच घेऊन गेले.

हेडक्लार्क माझ्याकडे बघून म्हणाले, "कुठून कुठून येतात हो लोक गड्ड्याला!"

मी हसलो. त्यांना बरं वाटावं म्हणून चांगलं दात दाखवून हसलो. नंतरच्या आयुष्यात मी काही फार मोठी पापं केली नाहीत, पण ते हसणं आठवलं की अजूनही मला एकटं असताना कान झाकून घ्यावेसे वाटतात.

बायकोची पाठ दाराकडे होती. आवाज ओळखून तिनं मागं वळून बघितलं, तोवर अप्पा खाली उतरले होते.

"मामा हुते ते," ती म्हणाली. "उठा की!"

"बस. लोक बघतायत."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं शिऱ्याची बशी बाजूला सारली, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि सगळ्यांच्या देखत एकटी उठून बाहेर गेली. मी पैसे दिले. हेडक्लार्कना नमस्कार करायलाही विसरलो नाही. बाहेर येऊन बघतो तर रस्त्यावर यात्रेची गर्दी, आणि अप्पांचा पत्ता नाही. बायको पायरीशी उभी होती. खोलीपर्यंत ती माझ्यापासून चार पावलं पुढं चालत राहिली.

अप्पा-अव्वा आमच्या आधी पोचले होते. अव्वा नव्या बांगड्या दिव्याजवळ धरून बघत होती. "आलात का? यांना म्हटलं, जाताजाता बघून या ते हाटेल, सुतक असंना, बाहेरून तरी बघू. तर बंदच हाय म्हणं. कुलूप हाय दाराला."

मी अप्पांकडे बघितलं. ते घोंगडीची घडी घालत होते. "व्हय," ते म्हणाले, "कुलूप हाय."

अप्पा खोटं बोललेले मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. बायकोनं भांडी आवरायला घेतली आणि त्या भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना मोटारस्टँडवर सोडायला गेलो. अव्वा आत जागा धरून बसली. अप्पा खाली माझ्याजवळ उभे होते. रात्रभर मी वाक्य जुळवलं होतं.

"अप्पा, काल..."

"काल तुमचं जेवण अर्धंच ऱ्हायलं," ते म्हणाले. "मी तितं यायाला नको हुतं."

माझे डोळे भरून आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही की काही नाही. मोटारीकडं बघत हळू आवाजात म्हणाले, "अव्वाला कळू देऊ नको. तुझ्या पत्रावर ती लई खुशीत आसती."

पुढच्या यात्रेला मी स्वतःहून अव्वाला त्या हॉटेलात नेलं. ती खुर्चीवर मांडी घालून बसली, मोठ्यानं बोलली, आचारी हुबळीकडचा निघाला तेव्हा त्याच्याशी कानडीत गप्पा मारून तिनं जास्तीचा शिरा मिळवला. हेडक्लार्क आले होते. त्यांनी आमच्याकडे एकदा बघितलं आणि परत आपल्या कॉफीत लक्ष घातलं. एवढंच झालं. अप्पा आत आले नाहीत. "मला कॉफी सोसत न्हाय," म्हणून समोरच्या दुकानाच्या फळीवर बसून राहिले. बायकोही त्यांच्याजवळ थांबली. ती पुढं कधीच त्या हॉटेलाची पायरी चढली नाही आणि मीही तिला कारण विचारलं नाही.

अप्पा गेले, मागून काही वर्षांनी अव्वाही गेली. तिला मी शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. अप्पांचा शब्द पाळला, असं मी पुष्कळ वर्षं मनाशी म्हणत आलो. खरं सांगायचं तर त्यांनी तसं बजावलं नसतं तरीही मी गप्पच बसलो असतो.