साडूपेक्षा भारी होल्डर

आमच्या देगलूरकडचे देवराव आता शहरात, जामबाग मोहल्ल्यात राहतात. गळाला पिसं अन् धागा गुंडाळून खोटी माशी बांधायची अन् तिच्यावर मासा फसवायचा, हा त्यांचा नाद. धाग्याचं रीळ धरायला त्यांनी सायकलच्या तारेचा होल्डर वळवला होता. धागा ज्या नळीतून येतो तिच्या तोंडाला बायकोच्या तुटल्या पोतीतला काळा मणी बसवलेला. दहा वर्षं धागा कधी तुटला नाही.

मग साडू तुळशीरामाच्या लेकीनं बापाला परदेशातून पितळी होल्डर धाडला. देवरावांना जेवण गोड लागंना. मुद्दाम साडूलाच संगं घेऊन ते अफझलगंजच्या दुकानात गेले अन् त्याच्याहून जाड, चमकणारा होल्डर उचलला.

दुकानदार म्हणाला, "चचा, नली के मुँह पे धागा घिस के देखो. तेज रहा तो काट देता."

शेजारी साडू गालात हसत होता. त्याच्यापुढं कोण घासून बघतंय? "मला नका शिकवू," म्हणत देवरावांनी तसाच बांधून घेतला.

घरी तीनदा माशी बांधायला बसले, तीनदा धागा कापला गेला.

"जुनाच घ्या की," त्यांची बायको विमलाबाई म्हणाल्या. "माशाला काय कळतंय?"

"माशाला नाही, साडूला कळतंय!"

देवरावांनी जुन्या होल्डरचा मणी उपटला अन् नव्याच्या तोंडात ठोकला. मणी फुटला, अन् जुना होल्डरही कामातून गेला.

रविवारी तलावावर त्यांनी गळाला गांडूळ लावलं.

"आज माशी नाही का, देवराव?" साडूनं आपला पितळी होल्डर काढत विचारलं.

"मासे कंटाळलेत तिला," देवराव म्हणाले, अन् साडूच्या होल्डरकडं पाठ करून बसले.