स्पो इलेव्हनच्या मॅडम

स्पो मॅडमच्या पर्समध्ये कंगवा नसायचा, पण कात्री असायची. शिंप्याकडे असते तसली, काळ्या मुठीची, चांगली वीतभर लांब. एकदा कराडच्या स्टँडवर पर्समधून रुमाल काढताना ती खाली पडली, तर शेजारी बसलेल्या बाईने गळ्यातली साखळी मुठीत धरून जागा बदलली. मॅडमनी कात्री उचलली, पदराने पुसली आणि आम्हाला म्हणाल्या, "कापण्याबद्दल लोकांच्या मनात उगीच अढी आहे."

मलकापूरच्या आमच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या. मूळच्या माणच्या, धनगराच्या घरातल्या. वडील आणि भाऊ मेंढरं घेऊन वर्षातले सहा महिने फिरतीवर, आणि ही एकटी पुण्याला राहून पीएचडी करून आलेली. पीएचडीचा विषय होता एक विकर, म्हणजे एन्झाइम. त्याचं नाव स्पो-इलेव्हन. त्या विकराचं कौतुक त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं, की मॅडमचं खरं आडनाव आमच्यातल्या निम्म्या मुलांना माहीत नव्हतं.

शिकवायला त्या आपल्या आईने चातीवर कातलेली लोकर आणायच्या. एक धागा काळा, एक पांढरा. "ही गुणसूत्रं समजा. हा तुमच्या आईकडून आलेला, हा बापाकडून. तुमच्या शरीरात दोन्ही आहेत. आता तुम्हाला मूल व्हायचंय. सगळे हसून घ्या. झालं हसून? तर मुलाला यातला एकच धागा द्यायचाय. कुठला देणार?" मग त्या दोन्ही धागे शेजारी शेजारी धरायच्या आणि कचकन कात्री चालवायच्या. "इथे स्पो-इलेव्हन येतं आणि धागा तोडतं. तूट भरून काढायला पेशी शेजारच्या धाग्याचा आधार घेते, आणि त्या गडबडीत इकडचा तुकडा तिकडे, तिकडचा इकडे जातो." काळ्या तुकड्याला पांढरा बांधून त्या तो धागा वर धरायच्या. "म्हणून तुम्ही तुमच्या भावासारखे दिसत नाही. देवाचे आभार माना, आणि या विकराचे."

आमच्या मजल्यावरचे शिपाई दगडूमामा दाराशी स्टुलावर बसून हे सगळं ऐकत असत. महिनाभर ऐकल्यावर एक दिवस त्यांनी मॅडमना अडवलं. "मॅडम, ह्यो स्पो इलेव्हन कुठल्या गावचा संघ म्हनायचा? आमच्या गावात टेनिस बॉलच्या मॅची हायत. नाव घालू का?"

मॅडम हसल्या नाहीत. वर्गात येऊन त्यांनी ही सूचना गंभीरपणे मांडली, आणि आमच्या पोरांनी खरोखरच 'स्पो इलेव्हन, मलकापूर' या नावाने संघ उतरवला. लाउडस्पीकरवरून बोलणाऱ्या माणसाने सकाळभर त्यांना 'सोपं इलेव्हन' म्हटलं, आणि समोरच्या संघाने ते खरं करून दाखवलं. आठ षटकांत पोरं एकवीस धावांवर बाद. मॅडम बांधावर छत्री उघडून शेवटपर्यंत बसल्या होत्या. कॅप्टन खाली मान घालून आला तशा म्हणाल्या, "नावाप्रमाणे काम केलंत. सगळीकडे तूट. आता भरून कोण काढणार ते बघा."

प्रात्यक्षिकासाठी नाकतोडे लागायचे. नर नाकतोड्याच्या वृषणात पेशींचं हे विभाजन, म्हणजे मिऑसिस, फार सुरेख दिसतं, त्यामुळे पावसाळा सरताना मॅडम आम्हा पंधरा जणांना घेऊन शेताच्या कडेने फिरायच्या. एका वर्षी आम्ही कुंडलला, माझ्या गावच्या शिवारात गेलो. एका काकांनी उसाच्या सरीतून डोकं वर काढलं.

"काय हरवलं काय, बाई?"

"नाकतोडे धरतोय."

"आवं, मग औषध मारतो की. सगळं मरत्याल."

"मारू नका. मला जिवंत पाहिजेत. त्यांची वृषणं काढायची आहेत."

काकांनी आधी मॅडमकडे पाहिलं, मग आम्हा मुलींकडे. दोन पावलं मागे सरून त्यांनी विचारलं, "सगळ्यांची?"

"फक्त नरांची."

अर्ध्या तासाने तेच काका टोपीत सात नाकतोडे घेऊन आले. त्यातला एकही नर नव्हता. मॅडमनी त्यांना बांधावर बसवून नर कसा ओळखायचा ते शिकवलं. गावात अजून कुणाला शंका आली तर लोक त्या काकांकडेच जातात.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि आमच्या घरात माझ्या उंचीवरून लढाई चालू होती. माझे वडील, आप्पा, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सहा फूट उंच. आजोबा तसेच, दोन्ही काका तसेच. मला भाऊ नाही, त्यामुळे घरातली वर्दी पुढे चालवायची जबाबदारी माझ्यावर आली होती. पोलीस भरतीला मी दोन बोटं कमी पडत होते. आप्पांनी परड्यातल्या कडुनिंबाला लोखंडी बार बांधला होता आणि रोज सकाळी मला त्याला लोंबकळत ठेवायचे. दर रविवारी दाराच्या चौकटीपाशी उभं करून पेन्सिलने खूण करायचे. सहा महिन्यांत खुणा एकावर एक पडून तिथे काळा डाग झाला होता. "आमच्या घरात असलं कवा झालं न्हाई," आप्पा म्हणायचे, आणि आई चुलीकडे तोंड फिरवायची, कारण तिच्या माहेरची माणसं मध्यम उंचीची होती.

मला पुढे एम.एस्सी. करायचं होतं. आप्पांचं उत्तर ठरलेलं होतं. भरती झाली तर ठीक, नाहीतर लग्न. हे मी मॅडमना सांगितलं तेव्हा मला रडू आलं. त्यांनी रडणं संपेपर्यंत डबा खाल्ला. मग म्हणाल्या, "रविवारी येते."

रविवारी त्या आल्या. चहा झाला, उसाची चौकशी झाली, मेंढरांची झाली. मग मॅडम म्हणाल्या, "हवालदारसाहेब, तुमचा एक काळा बूट द्या. आणि पांढरा पीटीचा."

आप्पांनी दिले. त्यांचे बूट निवृत्तीनंतरही रोज पॉलिश होत असत. मॅडमनी दोन्हींच्या नाड्या ओढून काढल्या, जोत्यावर शेजारी शेजारी ठेवल्या, पर्समधून कात्री काढली आणि कुणी काही म्हणायच्या आत दोन्ही नाड्या मधोमध कापल्या.

आप्पांनी तोंड उघडलं. मग मिटलं. आईने पदर तोंडाला लावला.

"ही काळी तुमच्या वडलांची," मॅडम गाठ मारत म्हणाल्या. "पांढरी तुमच्या आईची. तुम्हाला दोन्ही मिळाल्या. पण पोरीला एकच द्यायची होती. तुम्हाला वाटतंय तुम्ही काळी दिली. कुणालाच तशी अख्खी देता येत नाही. द्यायच्या आधी आत कापाकापी होते, आणि मग हे असं काहीतरी जातं." त्यांनी अर्धी काळी, अर्धी पांढरी नाडी आप्पांच्या हातात दिली. "आता सांगा. तुमच्या आई उंचीला केवढ्या होत्या?"

आप्पा बराच वेळ नाडीकडे बघत राहिले. माझी आजी मी जन्मायच्या आधीच गेली. तिचा एकच फोटो होता, बसलेला, त्यामुळे तिची उंची मला माहीत नव्हती.

"बुटकी हुती," आप्पा म्हणाले. "लय बुटकी. फळीवरचा डबा काढायला मला हाक मारायची. मी भरती झालो, तवा म्हनली, आता डबा कोन काढंल रं."

आप्पांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. वर्षभर ते माझ्याकडे बघताना नजर आधी माझ्या डोक्यावर, मग चौकटीवर जायची. त्या दिवशी ती तोंडावर थांबली.

"म्हंजी ही आमच्या आईवर गेली म्हनायची?"

"थोडी तिच्यावर, थोडी हिच्या आईवर. नेमकं सांगायला बरंच मोजावं लागेल. पण लोंबकळून यात फरक पडणार नाही, एवढं मी लिहून देते."

आप्पांनी बार काढला नाही, त्यावर आता घोंगड्या वाळत घालतात. एम.एस्सी.ला हो म्हणायला आणखी पंधरा दिवस लागले. तेही सरळ म्हणाले नाहीत. "त्या बाईला सांग, नाड्या आनून द्यायच्या," एवढंच म्हणाले, आणि फीची चौकशी केली. मॅडमनी माझ्याबरोबर नाड्या पाठवल्या. दुकानात काळ्या मिळाल्या नाहीत म्हणून तपकिरी. पंधरा ऑगस्टला आप्पा काळ्या बुटात तपकिरी नाड्या घालून शाळेच्या झेंडावंदनाला गेले, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी स्पो-इलेव्हन समजावून सांगितलं. बरंचसं चुकीचं.

मॅडमबद्दल एक गोष्ट मला एम.एस्सी. होईपर्यंत कळली नव्हती. त्या कायम नव्हत्या. तासिका तत्त्वावर होत्या. दर उन्हाळ्यात त्यांची नेमणूक संपायची आणि पावसाळ्यात पुन्हा मुलाखत व्हायची, त्याच खोलीत, बऱ्याचदा त्याच माणसांसमोर. 'तुम्हाला इथे का शिकवायचंय?' हा प्रश्न त्यांना अकरा वेळा विचारला गेला होता. एका वर्षी बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी मिऑसिस समजावून सांगायला सांगितलं. मॅडमनी पाऊण तास सांगितलं. तज्ज्ञांनी वहीत टिपून घेतलं आणि शेवटी आकृती पुन्हा एकदा काढायला लावली.

"तुम्हाला राग नाही येत?" मी विचारलं होतं.

"येतो की. पण नाकतोड्यांचा हंगाम जवळ आलेला असतो."

मग मी प्राध्यापकीसाठी लागणारी नेट परीक्षा पास झाले. अभ्यास मॅडमनीच करून घेतला होता. त्या वर्षी प्राणिशास्त्राचे तास कमी झाले आणि दोघांऐवजी एकच माणूस घ्यायचं ठरलं. मी अर्ज केला, कारण मॅडमनीच माझ्याकडून भरून घेतला. मुलाखतीच्या दिवशी बाकावर आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. मी म्हटलं, "मी घरी जाते."

"तू गेलीस म्हणजे मला मिळेल, असं तुला कुणी सांगितलं? बस गप. आणि उभं राहून बोल, बसून तुझा आवाज जात नाही."

त्या आधी आत गेल्या. दहा मिनिटांत बाहेर आल्या. मी अर्धा तास आत होते. चार दिवसांनी यादी लागली, तिच्यात माझं नाव होतं. त्यांचं वय, माझे गुण, कुणाची ओळख, कुणाचा रोष, नेमकं काय ते मला आजही माहीत नाही.

कॉलेजात त्यांना निरोप देता आला नाही. नेमणूकच नव्हती तर निरोपाचा प्रश्नच येत नाही, असं ऑफिसने सांगितलं. दगडूमामांनी स्वतः एक नारळ आणला होता, तो त्यांनी जिन्यात दिला. मी मॅडमना सोडायला कराडच्या स्टँडवर गेले. मला वाटलं होतं त्या काहीतरी मोठ्या मनाचं बोलतील आणि मी मोकळी होईन. दहिवडीची गाडी लागली तेव्हा त्या म्हणाल्या, "मला राग आलाय. तुझा न्हाई. पन आलाय. दोन महिनं मला फोन करू नगंस." वर्गात शुद्ध बोलणाऱ्या मॅडमना माणदेशी बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्या गाडीत चढल्या आणि खिडकीची जागा मोकळी असून आतल्या बाजूला बसल्या.

दोन महिने मी फोन केला नाही. तास घेत राहिले. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जायचा, पण मुलं हसत नव्हती. नाकतोडे धरायला गेलो तर दोनच सापडले.

दोन महिने पुरे झाले त्या दिवशी दुपारी फोन वाजला. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

"तू मिऑसिसचा तास घेतलास. स्पो-इलेव्हन धागा तोडून निघून जातं, असं सांगितलंस?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तिसऱ्या बाकावर माझी भाची बसते. वहीचे फोटो पाठवते." त्या म्हणाल्या, "ते निघून जात नाही. तोडलेल्या धाग्याच्या टोकाला ते स्वतः चिकटून बसतं. त्याला आपलं आपण सुटता येत नाही. दुसऱ्या विकरांना येऊन, तेवढा तुकडा कापून, त्याला सोडवावं लागतं. मग पुढचं जोडायचं काम सुरू होतं. मीच तुला शिकवायचं विसरले की काय?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही शिकवलं होतं. मी विसरले."

पलीकडे मेंढरांच्या घंटा वाजत होत्या.

"उद्या दुरुस्त कर," मॅडम म्हणाल्या. "परीक्षेत विचारतात. आणि दिवाळीला इकडं ये. आई पुरणपोळ्या करणाराय."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मी ते दुरुस्त केलं. परीक्षेत विचारतात, असं बजावून सांगितलं. तेव्हापासून दरवर्षी सांगते. आजवर कधीच विचारलेलं नाही.