दोन कॉलेजं आणि मास्तरीणबाईंचं गप्प बसणं

माझी थोरली बहीण गाडी चालवायला शिकवते. तिचे विद्यार्थी तिला मास्तरीणबाई म्हणतात, मी ताई म्हणते, आणि चिडले की काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही. छोटी पांढरी गाडी, टपावर पाटी, आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी जादाचा ब्रेक. आमच्या भागातल्या निम्म्या बायका तिच्या हाताखालून गेल्यात. भावोजी गेल्यावर तिने याच गाडीवर संसार ओढला, लेकीला वाढवलं, पण कुणापुढे रडगाणं म्हणून गायलं नाही.

तिची शिकवायची एक तऱ्हा आहे. गाडी नीट चालली की ती गप्प. चुकलं तरच तोंड उघडणार. नवीन माणूस बिचारं घामाघूम होतं, वाटतं बाई रागावल्या. जुने विद्यार्थी समजावतात, "अहो, बाई गप्प म्हणजे तुम्ही पास!" एकदा मी मागच्या सीटवर बसले होते आणि सवयीप्रमाणे म्हणाले, "अय्या, हे दुकान कधी उघडलं?" तर चालवणाऱ्या बाईने गाडीच त्या दुकानाकडे वळवली! ताईने ब्रेक दाबला आणि मला तिथेच खाली उतरवलं. "शिकणाऱ्याचे हात दुसऱ्याच्या जिभेला बांधलेले असतात," म्हणाली. मी दवाखान्याच्या चौकशीच्या खिडकीत बसते, बोलण्याचाच पगार घेते. मला कोण गप्प बसवणार? पण त्या दिवशी पाय आपटत घरी आले.

तर हिची लेक, माझी भाची. एका जागी ठरत नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. पोटच्या पोरीला गाडी शिकवायची म्हणजे घरात रोजचं भांडण, म्हणून ताईने तिला दुसऱ्या मास्तरांकडे धाडलं होतं. आईच्या क्लासचे फोन आणि वेळापत्रक मात्र भिंगरी शाळेत असल्यापासून सांभाळते. नाव घातलेल्या बायका मधेच का गळतात हे तिनेच शोधून काढलं. सकाळची कामं टाकून येणार कोण? तिने दुपारची बॅच काढायला लावली आणि मग गाडीला उसंत मिळेना. तेव्हापासून पोरीच्या डोक्यात बसलं, शिकायचं तर व्यवसायाचंच.

शाळा संपली आणि दोन कॉलेजांनी तिला घेतलं. एक शेजारच्या राज्यात, सकाळी बसने निघावं आणि दुपारच्या जेवणाला पोचावं इतकं जवळ. नावाजलेलं, शिस्तीचं, दर सुट्टीला घरी येता येईल असं. दुसरं पार दुसऱ्या टोकाच्या राज्यात. तिथे पहिल्याच वर्षी मुलं मिळून खरंखुरं दुकान चालवतात, चाललं तर त्यांचं, बुडालं तरी त्यांचंच. त्या दुकानाबद्दल बोलताना भिंगरीचे डोळे लकाकायचे. मग ती आईकडे बघायची. आई भाजी चिरत असायची, गप्प.

महिनाभर हेच. कॉलेजला कळवायच्या शेवटच्या दिवशी माझी सुट्टी होती, म्हणून गेले. भिंगरी जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती, तोंड सुकलेलं.

"कुठे अडलंय घोडं?" मी विचारलं.

"अडलं नाही, मावशी. जवळचंच घेते."

"आणि ते दुकानवालं?"

"आईला पसंत नाहीये. महिन्याभरात एक अक्षर बोलली नाही गं ती. विचारलं की म्हणते, तू बघ. एवढी रागावलीय, आणि तिला अशी एकटी टाकून मी जाऊ?" असं म्हणून ती रडायलाच लागली.

माझं टाळकं सटकलं. तशीच खाली गेले. ताई फडक्याने गाडीची काच पुसत होती.

"लेक वर रडतेय आणि तू काचा कसल्या पुसतेस? मूग गिळून बसलीस, तिला वाटतंय तू फुगलीस!"

ताईचा हात थांबला. "फुगले? मी? अगं, ती नीट चाललीय म्हणून तर गप्प आहे. सगळी माहिती काढली, तिथल्या मुलींशी फोनवर बोलली, सगळं बरोबर करतेय. मी एक शब्द काढला की चाक माझ्याकडे वळेल."

"तिला काय ठाऊक तुझं हे गाडीतलं शास्त्र! ती कधी बसलीय तुझ्याकडे शिकायला?"

ताईचा चेहरा खर्रकन उतरला. अख्ख्या गावाला शहाणं करून सोडणारी बाई, आणि स्वतःच्या घरात असली चूक! ती जिना चढायला लागली, मागोमाग मी.

भिंगरीसमोर खुर्ची ओढून ताई बसली. बोलायची सवय नाही, नुसताच घसा खाकरला.

"मी रागावले नाहीये गं," ती म्हणाली. "मला तू हवी आहेस. फार हवी आहेस. तू गेलीस की हे घर मला खायला उठेल. पण ते माझं मी बघेन. त्याचं ओझं तुझ्यावर पडू नये म्हणून बोलत नव्हते."

मी कपाळावर हात मारला. इतके दिवस गप्प, आणि उघडलं तोंड तर हे! आता पोरगी कसली जाते? उचलली जीभ लावली टाळ्याला, माझ्यामुळेच सगळं बिघडलं!

पण भिंगरीने डोळे पुसले. "म्हणजे खरंच रागावली नाहीस?"

"नाही गं बाई."

"मी लांब गेले तर बोलशील माझ्याशी?"

"रोज बोलेन. तुझं डोकं उठेपर्यंत."

"हुश्श!" भिंगरी म्हणाली, लॅपटॉप पुढे ओढला आणि टकटक करून मोकळी झाली. "झालं. लांबचं घेतलं."

माझा जीव भांड्यात पडला, पण ताईकडे बघायची छाती होईना. बघितलं तर तीही खुर्चीत सैल होऊन बसलेली. "सुटले बाई एकदाची," म्हणाली. "माझ्यापायी थांबतेस की काय, हीच धास्ती होती." मग तिने विचारलं, "मी थांब म्हटलं असतं, तर?"

"थांबले असते."

"ठाऊक होतं मला."

"पण तू थांब म्हणाली नाहीस, आई. हवीस म्हणालीस. ते ऐकल्याशिवाय माझा पायच निघत नव्हता."

ताईने तिला पोटाशी धरलं आणि दोघी मोकळेपणी रडल्या. मीही रडले, खोटं कशाला सांगू.