काकूंचा हात पोचतो तिथवर

दादू नागवेकर बावीस वर्षं जहाजावर इलेक्ट्रिशियन होता. १९९८ साली पन्नाशी ओलांडल्यावर तो नोकरी सोडून कायमचा रत्नागिरीला आला. मिऱ्याच्या बाजूला त्याचं घर होतं. आयुष्याची सगळी कमाई त्या घरात गेली होती, पण सलग महिनाभर तो त्यात कधी राहिला नव्हता. घर सांभाळलं ते त्याच्या बायकोनं, मालननं.

येऊन चार दिवस झाले असतील. मालन विहिरीवरचा पंप लावायला निघाली. आधी तिनं रबरी चपला घातल्या. मग पदराला हात पुसले आणि उलट्या बोटानं बटण दाबून चटकन हात मागे घेतला.

दादू पायरीवर चहा पीत बसला होता. त्यानं विचारलं, "असं का गो दाबतेस?"

"मुंग्या येतात. पावसात जरा जास्त."

"कधीपासून?"

"पंप बसवला तेव्हापासून. झाली सात-आठ वर्षं. वीज म्हटली की थोडी चावायचीच."

दादूच्या हातातला चहा निवून गेला. परक्या देशांच्या बंदरांत, परक्या मालकांच्या जहाजांवर त्यानं वायर अन् वायर तपासली होती. इंजिनरूममध्ये कुठे करंट गळायला लागला तर रात्रपाळीतून उठून त्यानं तो शोधला होता. आणि इथं त्याची बायको सात वर्षं चपला घालून विजेला हात लावत होती. पत्रात तिनं कधी लिहिलं नाही, कारण ते लिहिण्यासारखं आहे हेच तिला माहीत नव्हतं.

त्याच दिवशी त्यानं पंपाची वायर बदलली, अर्थिंगसाठी नवा खड्डा खणला आणि मीटरशेजारी ईएलसीबी बसवला. तीस मिलीअँपियरचा. मालननं विचारलं तेव्हा त्यानं तिला सोप्या शब्दांत सांगितलं. "घरात जेवढा करंट येतो तेवढाच परत गेला पाहिजे. वाटेत कुठे गळला, कुणाच्या अंगातून जमिनीत जायला लागला, की हा पापणी लवायच्या आत सगळं बंद करतो. हे बटण दर महिन्याला दाबून बघायचं. खटका पडला म्हणजे यंत्र जागं आहे."

"मी संकष्टीला दाबीन," मालन म्हणाली. "म्हणजे विसरायला नको."

मग दादू गावात वायरमनची कामं घ्यायला लागला. तो जाईल तिथे ईएलसीबीचा आग्रह धरायचा, आणि बायकांना संकष्टीची खूण सांगून यायचा. लोक हसायचे, पण बसवून घ्यायचे.

२००१च्या आषाढात ठोसर गुरुजींचा निरोप आला. गुरुजी शाळेतून निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. घराला लागून लहानशी आंब्याची बाग. मुलगा उन्मेष पुण्यात. घरात ते आणि उमाकाकू, दोघंच.

"दादू, तू बसवलेलं ते यंत्र काढून टाक," गुरुजी पडवीतच म्हणाले. "दिवसातून चार वेळा पडतंय. दुकानदार म्हणाला, शंभरचं घ्या, ते असं सारखं पडत नाही. बसवून दे."

दादूनं मान हलवली. "गुरुजी, ते पडणार नाही हे खरं. पण तीस आणि शंभर हे काय नुसते आकडे नाहीत. किती गळती सोसायची, त्याचा तो आकडा. तीसचं यंत्र माणसाच्या जिवासाठी. शंभरचं वायर जळून घराला आग लागू नये म्हणून. त्यात घर वाचेल. माणसाची हमी नाही."

गुरुजींनी दादूला हातानं आत बोलावलं. माजघरात उमाकाकू पाटावर बसून पोळपाटावर रिकामंच लाटणं फिरवत होत्या.

"दीड वर्ष झालं," गुरुजी हलक्या आवाजात म्हणाले. "आधी नावं विसरायची. आता घरही विसरते. यंत्र पडलं की दिवे जातात, आणि अंधार झाला की ही घाबरते. भिंतीला पाठ लावून रडते. मला ओळखत नाही, जवळ येऊ देत नाही. परवा उंबऱ्यावर पडली. मला यंत्राचं काही कळत नाही रे. तिच्यासाठी उजेड हवाय एवढंच."

इतका वेळ ज्ञान पाजळत होतो याची दादूला लाज वाटली. गुरुजींचं खोटं नव्हतं. पण काकू ओल्या हातानं काय काय धरत असतील, याची भीतीही खोटी नव्हती.

"उद्या सकाळी येतो," तो म्हणाला. "काम काही नाही करणार. नुसता बसेन."

दुसऱ्या दिवशी तो खरोखरच हत्यारांची पिशवी न उघडता माजघरात बसून राहिला. काकूंनी त्याला निरखून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बाळू! मुरुडहून आलास? एस्टी मिळाली वेळेवर?"

मुरुड हे काकूंचं माहेर; भाऊ आलाय असं समजून त्या बोलत होत्या. गुरुजी दुरुस्त करायला पुढे झाले, पण दादूनं त्यांना डोळ्यांनी थांबवलं. "मिळाली, ताई."

"आई बरी आहे?"

"बरी आहे."

सकाळभर काकू घरात फिरत होत्या आणि दादू त्यांच्या मागे मागे. त्या मोरीत जाऊन हात ओले करायच्या आणि तसंच येऊन फ्रिजच्या दाराला धरून उभ्या राहायच्या. मिक्सरवरून फडकं फिरवायच्या. स्विचबोर्डावरून अशी बोटं फिरवायच्या, जणू देव्हारा पुसतायत. दादूनं खिशातून खडू काढला. काकूंचा हात जिथे जिथे लागला तिथे तो खूण करत गेला. दुपारपर्यंत भिंतीवर खडूच्या खुणांची एक रांग झाली. सगळ्यात वरची खूण खिडकीच्या चौकटीइतक्या उंचीवर होती. त्याच्या वर काकूंचा हात पोचत नव्हता.

"जिथवर काकूंचा हात पोचतो," दादू गुरुजींना म्हणाला, "तिथवर तीसच राहणार. त्यात मी एक काटाही हलवणार नाही. माजघरातला एक दिवा आणि पडवीतला एक, हे दोन तेवढे वेगळे काढतो. ते शंभरवर. त्यांची बटणं दाराच्या वर, तुमचा हात उंच केला की पोचेल अशी. तीसचं यंत्र पडलं तरी हे दोन दिवे जाणार नाहीत."

"आणि ते दिवसातून चार वेळा पडतं त्याचं?"

"उगाच पडत नसणार ते. कुठेतरी गळतंय. शोधतो."

जहाजावरून आणलेलं जुनं मेगर त्यानं पिशवीतून काढलं. हातानं फिरवायचं ते यंत्र वायरीचं आवरण किती धड आहे ते सांगतं. एकेक वायर सुटी करून तो दांडा फिरवत गेला. फ्रिजची थोडी गळती, पंपाची थोडी. पण खरा चोर मोरीत सापडला. तीस वर्षांपूर्वीची वायर चिऱ्याच्या भिंतीतून गेली होती, आणि पावसानं भिंत ओलीचिंब झाली होती. लाकडी पट्टी उचकटली तर वायरीचं आवरण हातात भुगा होऊन आलं.

काम संपायला तीन दिवस लागले. दोन दिव्यांचा परतीचा न्यूट्रलही वेगळा काढायचा होता. तो दुसऱ्यात मिसळला असता तर यंत्रानं गळती समजून पुन्हा खटका पाडला असता. तिन्ही दिवस काकूंनी बाळूला जेवल्याशिवाय सोडलं नाही. वाढायचे गुरुजी, आग्रह करायच्या काकू.

पुढच्या वर्षी श्रावणात, दिवेलागणीला, दादूच्या घरचा फोन वाजला. गुरुजींना धड बोलता येत नव्हतं. दादू स्कूटर काढून तसाच निघाला.

फ्रिज बंद होता, पंखा थांबलेला होता. स्वयंपाकघरात मोरीजवळ काकू बसल्या होत्या. पुढ्यात पाण्यानं भरलेली परात, आणि परातीत अख्खा मिक्सर. वायर अजून बोर्डात, बटण चालू. काकू काथ्यानं मिक्सर घासत होत्या. माजघरातला दिवा दारातून त्यांच्या पाठीवर पडला होता.

"मी पडवीत होतो," गुरुजी म्हणाले. "खटका पडल्याचा आवाज आला. आलो तर ही अशी. तिला कळलंच नाही काही. रडलीसुद्धा नाही."

दादूनं आधी मिक्सरचा प्लग काढला. मग तो काकूंसमोर उकिडवा बसला आणि त्यांचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. भाजल्याची खूण नव्हती. पाण्यानं सुरकुतलेली बोटं तेवढी.

"बघ रे बाळू, किती चिकट झालंय हे," काकू म्हणाल्या. "यांना कितीदा सांगितलं, नीट धुवा म्हणून."

"आता स्वच्छ झालं, ताई. उठा."

गुरुजींनी उपरणं काढलं आणि काकूंचे हात पुसायला घेतले. एकेक बोट. बराच वेळ पुसत राहिले. काकूंनी पुसू दिलं. दादू पाठ फिरवून उगाचच बोर्डाचे स्क्रू आवळत बसला.

घरी जाऊन त्यानं मालनला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला ने एकदा त्यांच्याकडे." तेव्हापासून मालनही जायला लागली. काकूंना ती बाळूची बायको म्हणून चटकन पटली. दोघी पडवीत बसून फणसाच्या आठळ्या सोलायच्या.

२००५च्या माघात उमाकाकू गेल्या. झोपेत, आपल्या अंथरुणावर. उन्मेष पुण्याहून पोचला. मुरुडला आता माहेरचं कुणी उरलं नव्हतं. खरा बाळू विशीतच तापानं गेला होता, हे दादूला त्या दिवशी कळलं. सवाष्ण गेलेली. माहेरची साडी कुणी आणायची, यावर बायका दबक्या आवाजात बोलत होत्या.

मालन उठली, बाजारात गेली आणि हिरवी साडी घेऊन आली. ती तिनं दादूच्या हातात दिली. दादू ती घेऊन उंबऱ्यापाशी अडखळला. आपण कोण, हे घर कुणाचं, असं त्याच्या मनात आलं. गुरुजींनी त्याला पाहिलं आणि लोकांना म्हणाले, "त्याला वाट द्या. तिचा भाऊ आहे तो."

दादूनं साडी काकूंच्या अंगावर पांघरली आणि हातानं तिची घडी सारखी केली. बाहेर उन्मेष मडकं घेऊन उभा होता. माणसं खांदा द्यायला पुढे झाली, तसा दादूही चपला काढून त्यांच्यात जाऊन उभा राहिला.