उष्टावणाचा गहू

आमच्या मांजरी गावात सगळा ऊस. मी मात्र विहिरीजवळचा तुकडा दरसाल गव्हाला ठेवला. आजूबाजूच्यांनी जमिनी बिल्डरला दिल्या, तिथं इमारती उठल्या. गॅलरीत उभी राहून माणसं माझ्या ओंब्यांचे फोटो काढायची. काढा म्हटलं. बघायलाही पैसे पडायच्या आत काढून घ्या.

हा गहू मी कधी विकला नाही. निम्मा घरी, निम्मा कोथरूडला धाकट्या बहिणीकडे. तिचं लग्न झाल्यापासून तिच्या घरात वर्षाचा गहू माहेरचाच भरायचा, असा आमच्यात रिवाज. उन्हं तापली की मी टेम्पोतून पोती घेऊन जायचो. ती गच्चीवर गहू वाळवायची, एरंडेलाचा हात लावायची आणि सोसायटीतल्या बायकांना ऐकवायची, "आमच्या दादाचा गहू आहे. दुकानातला नाही." तेवढं ऐकायला मी गच्चीवर जरा जास्तच रेंगाळायचो.

त्या वर्षी तिला नातू झाला होता. चैत्रात त्याचं उष्टावण करायचं ठरलं आणि बहिणीनं जाहीर केलं, पोराच्या तोंडात पहिला घास जाईल तो माझ्या गव्हाच्या सत्त्वाचा. गहू तीन दिवस भिजवायचा, वाटून त्याचा चीक काढायचा, खाली बसलेला साका कापडावर वाळवायचा. ते सत्त्व. दुधात शिजवून बाळाला भरवतात. तिची सून कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला. तिला बाजारातला बाळाच्या खाण्याचा डबा आणायचा होता.

बहीण म्हणाली, "डब्यावरचं बाळ गुटगुटीत आहे म्हणून आतलं खाऊन आपलं होत नाही."

मला बरं वाटलं.

आता गव्हाचं सांगतो. पौषात, ऐन फुलोऱ्यात आभाळ भरून आलं. अवकाळी पाऊस, मग सकाळी दहापर्यंत धुकं. पुढं दाणा भरायला लागला तेव्हा काही ओंब्या अर्ध्याच पांढऱ्या पडलेल्या दिसल्या. कुठं कुठं गुलाबी झाक. पानांवर तांबेराही आला होता. औषधाच्या दुकानदाराला मी तांबेऱ्याचं सांगितलं. ओंब्यांचं काही बोललो नाही, म्हटलं एका बुरशीवर चालतं ते दुसरीवर चालणारच. पाठीवर पंप घेतला आणि स्वतः फवारलं. पानं शेवटपर्यंत हिरवीगार राहिली. मळणीच्या पंख्यानं हलका माल उडाला, खाली राहिला तो दाणा चकाकत होता. बघणारे म्हणाले, यंदा गहू नंबरी हाय.

उष्टावणाला आठवडा राहिला असताना बहिणीचा फोन आला. "दादा, सत्त्वासाठी गहू भिजवला तर ओंजळभर दाणे वर तरंगले रे. एरवी चिमूटभर निघतात. आणि त्यातले काही गुलाबी आहेत."

"पाखडायचं राहिलं आसंल. औषध मारलंय मी. बुरशी कवाच मेली. तू तुझ्या कामाला लाग."

तेवढ्यात सुनेनं फोन घेतला. "मामा, औषध फुलोऱ्यात मारलंत की नंतर?"

"तुला काय करायचंय? तू आपला कॉम्प्युटर बघ."

"तोच बघून विचारतेय."

गहू तपासायला देणार, असं तिनं मला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. मी म्हटलं, दे खुशाल, आणि निकाल ऐकायला मी स्वतः येणार. माझ्या माघारी माझ्या गव्हाबद्दल कुणी बोललेलं मला चालत नाही.

प्रयोगशाळेतला माणूस वयानं लहान पण बोलायला नीट. त्यानं मला खुर्ची दिली. म्हणाला, "काका, तुमचं औषध तांबेऱ्याचं. पानांवर त्यानं काम केलं. ओंबीतली बुरशी वेगळी. ती फुलोऱ्यात शिरते. तिच्यावर चालणारं औषध त्याच वेळी मारलं तर थोडीफार आवरते. तुम्ही मारलं तोवर ती आत शिरून विष तयार करून बसली होती."

"पण नंतर मेली का न्हाई?"

"मेली असेल. विष दाण्यात राहिलं."

"भाजून? शिजवून?"

"जात नाही. धुऊन, भिजवून काही उतरतं. किती उतरलं याची खात्री मी देणार नाही. मोठ्या माणसालाही हा गहू खा म्हणणार नाही. बाळाचं तर नावच नको."

मी उठलो. त्याला नमस्कार केला. रिक्षात सून एक अक्षर बोलली नाही. तिला बोलायला जागा होती, तरी बोलली नाही. हे मी लक्षात ठेवलंय.

घरी बहिणीला सगळं सांगितलं. ती तरीही अडून. "तीन दिवस पाणी बदललंय मी. उतरलं असेल की." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "दादा, तू म्हण. तू चालेल म्हणालास तर मी तेच भरवीन. बाकी कुणाचं ऐकायचं नाही मला."

सून दारात उभी होती. पोर तिच्या खांद्यावर, माझ्याकडे बघून मूठ चोखत होतं.

मी गच्चीवर गेलो. सत्त्व कापडावर वाळत पडलं होतं, पांढरंशुभ्र, हाताला पिठासारखं मऊ. कुणी म्हणणार नाही त्यात काही आहे. मी कापडाची चारी टोकं उचलली, गाठ मारली आणि खाली आणून पोत्यात टाकलं. म्हटलं, "टेम्पो बोलाव. हा गहू माझाय, मी घेऊन चाललो. कोठी झाडून घे."

उष्टावणाला पोरानं तांदळाची पेज खाल्ली. तांदूळ दुकानातला होता. पोरानं वाटी चाटली.

गावाकडं शेजारच्या इमारतीच्या पायाला जेसीबी आला होता. माझा घरचा आणि तिचा, सगळा गहू मी बांधाजवळ खड्डा काढून घेऊन पुरला. जनावरांनाही घातला नाही. जेसीबीवाला म्हणाला, "बाबा, एवढा चांगला गहू पुरताय?" म्हटलं, तू खड्डा काढ. त्या वर्षी बहिणीनं बाजारातून गहू भरला. मीही भरला. त्याची चपातीसुद्धा नीट फुगत नव्हती, हे मी आजही कुणापुढंही म्हणेन.

आपलं चुकलं असं मी तेव्हा म्हटलं नाही. पुढच्या पौषात मात्र गहू फुलोऱ्यात होता आणि सकाळी धुकं उतरलं. मी बांधावरूनच सुनेच्या ऑफिसात फोन लावला.

"त्या तुझ्या प्रयोगशाळेवाल्याला इचार, औषध कोणतं आणि आज मारायचं का उद्या."

"मामा, मी मीटिंगमध्ये आहे."

"गहू बी फुलोऱ्यात हाय. तो थांबायचा न्हाई."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "धरा फोन," ती म्हणाली. मी धरला.